टर्मिनलमधून ब्लूटूथ जोडायचं कसं: पेअर, ट्रस्ट आणि कनेक्ट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत

आमच्या घरी टीव्हीच्या मागे एक जुना लॅपटॉप ठेवलाय. त्याची स्क्रीन गेली पण बाकी मशीन ठणठणीत, म्हणून त्यावर लिनक्स टाकलं, गाणी भरली आणि आजीच्या खोलीतल्या ब्लूटूथ स्पीकरला जोडायचं ठरवलं, कारण आजीला पहाटे साडेपाचला अभंग लागतात आणि डोळ्यांना कमी दिसतं त्यामुळे मोबाईल हाताळणं तिला जमत नाही. आता स्क्रीनच नाही म्हटल्यावर कोपऱ्यातल्या ब्लूटूथच्या चिन्हावर क्लिक कुठून करणार? दुसऱ्या लॅपटॉपवरून एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायची सोय) आत शिरायचं आणि जे काय करायचं ते टर्मिनलमधूनच. मला पहिल्यांदा यात दोन संध्याकाळी गेल्या, आता पाच मिनिटं लागतात, आणि मधला फरक फक्त एवढाच की पेअर, ट्रस्ट आणि कनेक्ट ही तीन वेगवेगळी कामं आहेत हे डोक्यात बसलं.

चिन्हावर क्लिक केलं की ही तिन्ही कामं एका फटक्यात होतात, आणि नाही झाली तर "कनेक्ट होऊ शकलं नाही" एवढंच दिसतं. नक्की कुठे अडलं ते कळतच नाही. टर्मिनल मात्र पायरी न् पायरी सांगतं, म्हणून स्क्रीन असलेल्या मशीनवरसुद्धा मी आता हीच पद्धत वापरते.

एक गोष्ट आधीच सांगते. खाली सगळ्या कमांड मी देवनागरीत लिहिल्यात, टाईप करताना त्या रोमन लिपीत टाकायच्या, आणि मी वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान. "ब्लूटूथसीटीएल" म्हणजे ब्लूटूथच्या स्पेलिंगला चिकटून सी, टी, एल, मधे स्पेस नाही. "सिस्टिमसीटीएल"चंही तसंच: एस-वाय-एस-टी-ई-एम आणि मग सी-टी-एल.

आधी बघा, मशीनला ब्लूटूथ दिसतंय का

लिनक्सवर ब्लूटूथचं सगळं काम ब्लूझेड नावाचं सॉफ्टवेअर करतं, त्याचा एक भाग २००१ पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच आहे. उबंटू, डेबियन, फेडोरा या सगळ्यांच्या डेस्कटॉपवर ते बहुतेक वेळा आधीच टाकलेलं असतं. आर्च वापरत असाल तर लक्षात ठेवा, तिथे ब्लूझेडसोबत "ब्लूझेड-युटिल्स" हे वेगळं पॅकेज घ्यावं लागतं, आपल्याला लागणारी कमांड त्या दुसऱ्यात आहे.

पहिलं काम, ब्लूटूथची सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्राम) चालू आहे का ते बघायचं:

सिस्टिमसीटीएल स्टेटस ब्लूटूथ

हिरव्या रंगात "ॲक्टिव्ह" दिसलं की झालं. नसेल तर "सुडो सिस्टिमसीटीएल इनेबल", त्यापुढे स्पेस, मग दोन जोडरेघा चिकटून "नाऊ", आणि शेवटी "ब्लूटूथ" (सुडो म्हणजे कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं). याने सर्व्हिस लगेच सुरू होते आणि पुढच्या वेळी मशीन चालू केल्यावर आपोआपही सुरू होते.

दुसरं काम लोक विसरतात आणि मग तासभर डोकं धरून बसतात:

आरएफकिल लिस्ट

इथे ब्लूटूथच्या खाली दोन ओळी दिसतात, सॉफ्ट ब्लॉक्ड आणि हार्ड ब्लॉक्ड. दोन्हीपुढे "नो" हवं. सॉफ्टपुढे "येस" असेल तर कोणत्यातरी सॉफ्टवेअरने बंद केलंय, "आरएफकिल अनब्लॉक ब्लूटूथ" म्हटलं की सुटतं (परवानगी नाही म्हणाला तर कमांडच्या सुरुवातीला सुडो लावा). हार्डपुढे "येस" असेल तर कमांडने काही होणार नाही, लॅपटॉपच्या कडेला छोटं बटण असेल किंवा एफएन धरून दाबायची की असेल ती शोधा. जुन्या लॅपटॉपला असं सरकवायचं बटण बऱ्याचदा असतं आणि बॅगेत घालता-काढताना ते सरकतं.

आरएफकिलच्या यादीत ब्लूटूथ नावच नसेल तर मात्र प्रश्न वेगळा आहे, एकतर मशीनला ब्लूटूथ नाही किंवा चिपला लागणारं फर्मवेअर (चिप चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) मिळत नाहीये. "सुडो डीमेसेज" ही कर्नलची नोंदवही, म्हणजे डी-एम-ई-एस-जी असं टाईप करायचं, तिच्यात ब्लूटूथ आणि फर्मवेअर हे शब्द शोधा, फाईल सापडली नाही असं काही दिसलं तर ते फर्मवेअरचं पॅकेज टाकून मशीन रीस्टार्ट करा.

आत शिरायचं

आता नुसतं टाईप करा:

ब्लूटूथसीटीएल

प्रॉम्प्ट (ओळीच्या सुरुवातीला दिसणारी खूण) बदलतो, म्हणजे आता तुम्ही त्या प्रोग्रामच्या आत आहात आणि पुढच्या कमांड तिथेच द्यायच्या. बाहेर पडायला "एक्झिट". टॅब की इथे चालते आणि तिचा फार उपयोग आहे, कारण प्रत्येक उपकरणाला बारा आकडी-अक्षरी पत्ता असतो, दोन-दोनच्या सहा जोड्या, मधे कोलन, आणि तो हाताने टाईप करत बसायची गरज नाही. पहिली एक-दोन अक्षरं टाका, टॅब दाबा, बाकीचं तो भरतो.

"शो" म्हणून बघा. तुमच्या मशीनच्या ब्लूटूथची माहिती येईल, त्यात "पॉवर्ड"पुढे "येस" हवं. नसेल तर "पॉवर ऑन". इथेच "नो डिफॉल्ट कंट्रोलर अव्हेलेबल" आलं तर परत वरच्या भागात जा, सर्व्हिस आणि आरएफकिल तपासा, पुढे जाऊन उपयोग नाही.

मग "एजंट ऑन" आणि "डिफॉल्ट-एजंट" (मधे जोडरेघ). एजंट म्हणजे पिन विचारणारा आणि "हा आकडा बरोबर आहे का" विचारणारा मधला माणूस समजा. नवीन व्हर्जनमध्ये आत शिरताक्षणी "एजंट रजिस्टर्ड" असं येतं, म्हणजे तो आधीच आलेला असतो, तरी डिफॉल्ट-एजंट म्हणून घ्यायला काही हरकत नाही.

शोधायचं

स्पीकर पेअरिंग मोडमध्ये टाका. नुसता चालू करून भागत नाही, बहुतेकांचं ब्लूटूथचं बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, मग दिवा भराभर लुकलुकतो. आणि हे करायच्या आधी घरातल्या ज्या मोबाईलला तो स्पीकर जोडलेला असतो त्याचं ब्लूटूथ बंद करा. आमच्याकडे भावाचा फोन स्पीकर चालू झाल्या झाल्या त्याला पकडायचा आणि मी लॅपटॉपवर कारण शोधत बसायचे. नंतर भावाच्या फोनमधून स्पीकर कायमचा "फर्गेट" केला तेव्हा शांतता झाली.

आता:

स्कॅन ऑन

फ्लॅट सिस्टीममध्ये राहत असाल तर आजूबाजूच्यांचे टीव्ही, घड्याळं, इअरबड सगळं धो धो येऊ लागतं, बऱ्याच ओळींना नावच नसतं, नुसता पत्ता. घाबरू नका. यातला बराचसा गोंधळ कमी ऊर्जेवर चालणाऱ्या उपकरणांचा असतो, ती सतत आपली हजेरी लावत असतात. स्पीकर किंवा हेडफोन शोधायचा असेल तर "स्कॅन ऑन"ऐवजी "स्कॅन", स्पेस, बी-आर-ई-डी-आर असं टाका, मग फक्त जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ शोधलं जातं आणि यादी एकदम आटोपशीर होते. उलट घड्याळ, सेन्सर वगैरे हवं असेल तर "स्कॅन", स्पेस, एल-ई.

ओळींमध्ये आरएसएसआय नावाचा उणे आकडा दिसतो, ती सिग्नलची ताकद. उणे ४५ म्हणजे जवळ, उणे ९० म्हणजे लांब. दोन सारख्या नावाचे स्पीकर दिसले तर आपला हातात घेऊन लॅपटॉपजवळ न्या, ज्याचा आकडा शून्याकडे सरकेल तो तुमचा.

इथे एक खाच आहे जी मला कुठे लिहिलेली मिळाली नव्हती. स्कॅन फक्त तुम्ही ब्लूटूथसीटीएलच्या आत असेपर्यंत चालतो, बाहेर पडलात की थांबतो, आणि नुसतं दिसलेलं पण पेअर न केलेलं उपकरण ब्लूझेड साधारण ३० सेकंदांत विसरून जातं. म्हणून लोक स्कॅन करतात, पत्ता कागदावर लिहून घेतात, बाहेर येऊन चहा पिऊन पेअरची कमांड देतात आणि मग "डिव्हाइस नॉट अव्हेलेबल" येतं. आतच थांबा, स्कॅन चालू असतानाच पेअर करा.

पेअर, ट्रस्ट, कनेक्ट

समजा पत्ता एए:बीबी:सीसी:११:२२:३३ आहे.

पेअर एए:बीबी:सीसी:११:२२:३३

पेअर म्हणजे दोघांची ओळख. या वेळी दोन्ही बाजू मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात आणि आपापल्याकडे जपून ठेवतात, लॅपटॉपवर ती ब्लूझेडच्या फोल्डरमध्ये राहते, स्पीकरमध्ये त्याच्या मेमरीत. हे एकदाच करायचं असतं. स्पीकरला स्क्रीन नाही की आकडे टाकायची बटणं नाहीत म्हणून तो काही विचारत नाही, सरळ "पेअरिंग सक्सेसफुल" येतं. फोन पेअर करत असाल तर दोन्हीकडे सहा आकडी नंबर दिसतो, तो जुळवून बघा आणि मगच येस म्हणा, जुळवल्याशिवाय येस म्हणणं म्हणजे दार उघडून आत कोण आलं ते न बघण्यासारखं आहे.

ट्रस्ट एए:बीबी:सीसी:११:२२:३३

ट्रस्ट म्हणजे "हा आला तर मला न विचारता आत घे". ही पायरी नवीन माणसं हमखास सोडतात, कारण ती न करताही त्या दिवशी सगळं चालतं! गाणं वाजतं, आपण खूष होऊन झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी स्पीकर चालू केल्यावर काहीच होत नाही. कारण असं की स्पीकर चालू झाला की तो स्वतः लॅपटॉपला हाक मारतो, आणि ट्रस्ट केलेला नसेल तर लॅपटॉप एजंटला विचारायला जातो की घेऊ का आत, आणि तिथे उत्तर द्यायला कुणी नसतं. आजीच्या बाबतीत तर सगळा खेळ याच्यावरच आहे. तिने फक्त स्पीकरचं मोठं बटण दाबायचं, बाकी लॅपटॉप आणि स्पीकर आपसात बघून घेतात.

कनेक्ट एए:बीबी:सीसी:११:२२:३३

कनेक्ट म्हणजे आत्ताची, या घडीची जोडणी. स्पीकर बंद केला की ती तुटते, पेअर आणि ट्रस्ट मात्र तसेच राहतात. जोडलं गेलं की प्रॉम्प्टमध्येच स्पीकरचं नाव येतं.

आता "इन्फो" आणि पुढे पत्ता देऊन बघा. पेअर्ड, ट्रस्टेड, ब्लॉक्ड, कनेक्टेड अशा ओळी एकाखाली एक दिसतील आणि प्रत्येकीपुढे येस किंवा नो. काहीही बिघडलं की मी सगळ्यात आधी हेच बघते, कारण पेअर्ड, ट्रस्टेड आणि कनेक्टेड यांपैकी कुठलं "नो" आहे त्यावरून पुढे काय करायचं ते ठरतं. काही उपकरणं इथेच बॅटरी किती टक्के आहे तेही सांगतात.

झालं की "स्कॅन ऑफ" आणि "एक्झिट".

जोडलंय पण आवाज येत नाही

हा प्रश्न सगळ्यात जास्त पडतो. ब्लूझेड फक्त जोडणी करतो, आवाज पाठवायचं काम पाइपवायर किंवा जुन्या सिस्टीमवर पल्सऑडिओ करतं, आणि त्यांचा ब्लूटूथचा भाग कधीकधी वेगळ्या पॅकेजमध्ये असतो. डेबियन-उबंटूवर पाइपवायर असेल तर त्या पॅकेजचं नाव लिब-एसपीए-०.२-ब्लूटूथ असं आहे, लिब आणि एसपीए जोडून लिहिलेलं. पल्सऑडिओ असेल तर पल्सऑडिओ-मॉड्यूल-ब्लूटूथ. हे नसेल तर कनेक्ट करतानाच "प्रोफाइल अनअव्हेलेबल" असा एरर येतो, तेव्हा स्पीकरला दोष देऊ नका, पॅकेज टाका आणि एकदा लॉगआऊट करून परत या.

पाइपवायरवर आवाज कुठे जातोय ते बघायला "डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस". सिंक्सच्या यादीत स्पीकर दिसेल, ज्याच्यापुढे चांदणी आहे तिथे आवाज जातोय. चांदणी दुसरीकडे असेल तर "डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट" आणि स्पीकरपुढचा नंबर. स्क्रीन नसलेल्या मशीनवर एक अट आहे, त्या युजरचं लॉगिन झालेलं हवं, कारण पाइपवायर युजरच्या सेशनमध्ये चालतं. मी आमच्या लॅपटॉपवर ऑटो-लॉगिन करून ठेवलंय, चालू झाला की तो आपला डेस्कटॉपवर जाऊन बसतो.

हेडफोनवाल्यांसाठी: मीटिंग सुरू झाली आणि गाण्याचा आवाज अचानक डब्यातून आल्यासारखा झाला, तर हेडफोन बिघडलेला नाही. जुन्या ब्लूटूथमध्ये चांगला आवाज आणि माईक एकत्र मिळत नाहीत, माईक लागला की तो फोन कॉलच्या प्रोफाइलवर जातो. लॅपटॉपचा माईक निवडा, कानाला लगेच फरक कळेल.

कीबोर्ड असेल तर

कीबोर्डचं सगळं असंच, फक्त पेअर म्हटल्यावर टर्मिनलमध्ये सहा आकडी पासकी दिसते आणि ती त्या नव्या कीबोर्डवर टाईप करून एंटर दाबायचं असतं, लॅपटॉपच्या कीबोर्डवर नाही. आणि ट्रस्ट इथे अजिबात विसरू नका, नाहीतर कीबोर्ड झोपून उठला की परत जोडायला दुसरा कीबोर्ड शोधत फिराल.

रोजच्या वापरासाठी

एकदा पेअर आणि ट्रस्ट झालं की आत शिरायचीही गरज नाही, बाहेरूनच एका ओळीत "ब्लूटूथसीटीएल कनेक्ट" आणि पत्ता, किंवा "ब्लूटूथसीटीएल डिसकनेक्ट" आणि पत्ता. शेलमध्ये याला एक छोटं टोपणनाव देऊन ठेवा म्हणजे पत्ता पाठ करायला नको. कोण कोण पेअर आहे ते बघायला "ब्लूटूथसीटीएल डिव्हाइसेस पेअर्ड", यातला पेअर्डचा पी मात्र मोठा. जुन्या व्हर्जनवर हे चालत नाही, तिथे "पेअर्ड-डिव्हाइसेस" असं उलटं आणि जोडरेघेने, सगळं लहान.

मशीन रीस्टार्ट केल्यावर ब्लूटूथ बंदच राहत असेल तर ईटीसी फोल्डरमधल्या ब्लूटूथ फोल्डरात मेन डॉट कॉन्फ नावाची फाईल आहे, तिच्यात ऑटोइनेबल शोधून ट्रू करा आणि ओळीच्या सुरुवातीची जाळीची खूण (#) काढा. नव्या व्हर्जनमध्ये हे आधीच चालू असतं.

नेटवर अजूनही खूप ठिकाणी एचसीआयकॉन्फिग आणि एचसीआयटूल वापरायला सांगतात. ती अवजारं ब्लूझेडवाल्यांनीच २०१७ मध्ये बाद ठरवलीत, बऱ्याच सिस्टीमवर येतही नाहीत. तसं काही दिसलं तर तो लेख जुना आहे असं समजून पुढे जा.

अडलं तर

"पेज टाइमआऊट" म्हणजे हाक मारली पण पलीकडून ओ आली नाही. स्पीकर बंद आहे, लांब आहे, किंवा दुसऱ्या फोनला जोडलेला आहे. नव्वद टक्के वेळा तिसरं, असा माझा तरी अनुभव.

"ऑथेंटिकेशन फेल्ड" म्हणजे किल्ली जुळत नाही. एका बाजूने किल्ली फेकलीय आणि दुसरी जुनीच घेऊन बसलीय, उदाहरणार्थ कुणीतरी स्पीकर फॅक्टरी रीसेट केला. इथे परत परत पेअर म्हणून उपयोग नाही. "रिमूव्ह" आणि पत्ता देऊन लॅपटॉपवरची किल्ली पुसा, स्पीकरचीही मेमरी पुसा, मग स्कॅनपासून सगळं पहिल्यापासून करा. दोन्ही बाजूंनी पुसणं महत्त्वाचं, एकाच बाजूने पुसलं तर तोच एरर परत येऊ शकतो.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असणाऱ्यांना हाच त्रास रोज होतो. दोन्ही सिस्टीमचा ब्लूटूथ पत्ता एकच, कारण चिप एकच, पण किल्ल्या वेगळ्या. विंडोजमध्ये पेअर केलं की हेडफोन नवी किल्ली ठेवतो आणि लिनक्सकडची निकामी होते. उपाय आहे, आधी लिनक्सवर पेअर करा, मग विंडोजवर, आणि विंडोजची किल्ली तिथल्या रजिस्ट्रीतून काढून लिनक्सच्या फाईलमध्ये लिहा, पण नवख्या माणसाने पहिल्याच आठवड्यात हे करू नये असं मला वाटतं. तोपर्यंत एका सिस्टीमवर हेडफोन आणि दुसरीवर वायर, असं चालवा.

आणि जोडणी होते पण आवाज तुटक तुटक येतो, तर कमांड सोडा आणि जागा बघा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, वायफायचा जुना बँडही तोच आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा चॅनल बदलून वाट काढतं, तरी गर्दी झाली की अडखळतं. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या. यूएसबी डाँगल वापरत असाल तर तो यूएसबी ३च्या पोर्टला किंवा हार्डडिस्कच्या शेजारी लावू नका, त्या पोर्टचा आणि केबलचा गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो. हातभर लांबीची एक्स्टेन्शन केबल लावून डाँगल बाजूला काढला की बहुतेक वेळा आवाज सरळ होतो. आमच्या लॅपटॉपला मागे हार्डडिस्क लावलेली होती, ती दुसऱ्या बाजूच्या पोर्टला नेली आणि आजीच्या खोलीतला अभंग मधेच तुटायचा थांबला.